कृतज्ञतेचे ऋण आणि स्वाभिमानाची मर्यादा

मौदा : नागपूर-भंडारा मार्गावर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या मौद्यावरून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी अनुयायांचे जथे दीक्षाभूमीकडे जातात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीची कृतज्ञता त्यांना तेथे नेते. बंडखोर म्हणून परिचित असलेल्या बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही कृतज्ञतेला मोठे स्थान होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या भीमरावांना विद्यार्थिदशेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीत रुजू होताच कचेरीत अस्पृश्यतेचे चटके बसले. शहरात राहायला जागाही मिळेना. अखेर त्यांनी बडोदे सोडले. तरीही १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केला. अपमान करणारी व्यवस्था आणि मदतीचा हात देणारी व्यक्ती यांत त्यांनी गल्लत केली नाही.

हिंदू परंपरेने देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली. बौद्ध मंगलसुत्तात कृतज्ञतेची, म्हणजे पालीतील कतञ्ञुतेची, गणना उत्तम मंगलांत होते. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा करणाऱ्या बाबासाहेबांनी धर्म सोडला, ऋण सोडले नाही. १९४६ मध्ये शूद्रांच्या इतिहासावरील ग्रंथ त्यांनी महात्मा फुले यांच्या स्मृतीस अर्पण केला. दीक्षेसाठी नागपूरची निवड करण्यामागेही, प्राचीन काळी बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण होते. बुद्धावरील अखेरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाचीही आठवण आहे.

मात्र कृतज्ञता म्हणजे लाचारी नव्हे, हेही त्यांनी बजावले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी थोर पुरुषांविषयी कृतज्ञ राहणे योग्य मानले. पण स्वाभिमान आणि स्वातंत्र्य गहाण टाकून कृतज्ञता बाळगता येत नाही, याकडे लक्ष वेधले. राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा त्यांचा इशारा होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षाभूमीवर नतमस्तक होणाऱ्यांनी या इशाऱ्याचेही स्मरण ठेवणे, हीच त्यांच्याविषयीची खरी कृतज्ञता ठरेल.