खापरांचा इतिहासकार

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत एका गुजराती कुटुंबात झाला. जन्मतः ते फार अशक्त होते. हे मूल जगेल, अशी आशा कोणास नव्हती. पुढे पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या वेदकालाविषयीच्या ग्रंथाचे भाषांतर त्यांच्या हाती आले. त्यातील सारे त्यांस उमगले नाही; परंतु प्राचीन भारताचा शोध घेण्याचा ध्यास मात्र लागला. १९३६ साली लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले व १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

त्या काळी महाराष्ट्राच्या इतिहासाचा आरंभ बहुधा सातवाहन राजांपासून करीत. त्यांच्याही पूर्वी येथे कोण नांदत होते? त्या काळचे शिलालेख नाहीत, नाणी नाहीत. मग हे कळावे कसे? सांकलियांनी नद्यांचे काठ पायी धुंडाळले. नाशिकचा गंगापूर रोड ज्या गंगापूर गावाकडे जातो, त्या परिसरात गोदावरीच्या काठी त्यांस आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली.

१९५०-५१ साली त्यांनी शां. भा. देव यांच्यासह नाशिक येथे आणि प्रवरेकाठच्या जोर्वे गावी उत्खनन केले. जोर्व्यास फुटकी खापरे निघाली. इतरांस ती कचरा वाटली असती. सांकलियांनी ती जपून धुतली, जुळवली, न्याहाळली. माती बारीक, घडण चाकावरची, रंग तांबडा, त्यावर काळ्या रेघांची नक्षी. भाजणी इतकी पक्की की, टिचकी मारताच धातूसारखा नाद येई! त्यांत एक भांडे विशेष होते. त्याचे पोट कोनदार, तोंड पसरट आणि कुशीस लांब तोटी होती. चीनमधील यीशिंग शहरी मातीच्या सुरेख किटल्या घडू लागल्या, त्याच्या सुमारे अडीच हजार वर्षे आधी महाराष्ट्रातील कुंभाराने ही तोटी बसविली होती.

पुढे नेवासे व इनामगाव येथेही तशीच भांडी मिळाली. त्यांवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. एखादे मूल दगावले की, ते लोक दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत त्यास घराच्याच जमिनीखाली ठेवीत आणि जवळ वाडगा व तोटीचे भांडेही ठेवीत. नाव नसलेल्या त्या माणसांची माया मातीच्या भांड्यांनी राखून ठेवली होती.

१९७४ साली सांकलियांस पद्मभूषण हा बहुमान मिळाला. २८ जानेवारी १९८९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. राजांचा इतिहास ताम्रपटांत कोरलेला असतो. सामान्य माणसांचा इतिहास मात्र पुष्कळदा खापरांतच उरतो. तो वाचण्यास धीर, चिकाटी आणि क्षुद्र वस्तूंविषयीही आदर लागतो. हे तिन्ही गुण सांकलियांच्या अंगी होते.