खेळणी करणारे गुनपेई योकोई

मित्रांनो, आपल्या भित्तिपत्रकात आपण राजांची, संतांची आणि शास्त्रज्ञांची चरित्रे वाचतो. आज मी एका खेळणी करणाऱ्या माणसाचे चरित्र लिहिले आहे. खेळणी करणारा माणूस थोर कसा काय, असं तुम्ही म्हणाल. पण आधी सगळं वाचा, मग म्हणा.

त्यांचे नाव गुनपेई योकोई. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम तुम्ही पाहिलाच असेल. पुष्कळ गेमवर डाव्या हाताला बेरजेच्या चिन्हासारखं एक बटण असतं. त्यावर अंगठा ठेवला की वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जाता येतं. ते बटण योकोई यांनी शोधून काढले. ते कसे, हे मी आता सांगतो.

जन्म आणि नोकरी

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो या शहरात झाला. क्योतो ही पूर्वी जपानची राजधानी होती. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले. १९६५ साली त्यांना निन्टेन्डो नावाच्या कंपनीत नोकरी लागली. आज ही कंपनी व्हिडिओ गेमसाठी प्रसिद्ध आहे. पण ती १८८९ साली निघाली तेव्हा खेळायचे पत्ते तयार करीत होती. त्या पत्त्यांवर फुलांची चित्रे असत. त्यांना हानाफुदा म्हणतात.

योकोई यांचे काम साधेच होते. पत्ते करणारी यंत्रे नीट चालतात का ते बघायचं. बिघडली तर दुरुस्त करायची. यंत्रे नीट चालली की त्यांना काही काम नसे. मग ते फावल्या वेळात स्वतःच्या गमतीसाठी काहीबाही करीत बसत. एकदा त्यांनी पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींत अडकवून एक लांब होणारा हात तयार केला. इकडची मूठ मिटली की तो हात लांब होऊन पुढची वस्तू पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात आले होते. त्यांनी ते पाहिले आणि योकोईंना बोलावून घेतले. योकोईंना वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार. पण झालं उलटंच. अध्यक्षांनी त्यांना हे खेळणे विक्रीसाठी तयार करायला सांगितले. १९६६ साली ते अल्ट्रा हॅन्ड या नावाने बाजारात आले आणि दहा लाखांहून जास्त विकले गेले. तेव्हापासून यंत्रे दुरुस्त करणारे योकोई खेळणी करणारे झाले.

जुन्या वस्तूंचा नवा उपयोग

योकोई यांचा एक विचार होता. ते म्हणत की खेळण्यासाठी अगदी नवीन आणि महागडे तंत्र घेऊ नये. जे तंत्र जुने झाले, स्वस्त झाले, ज्याचे गुण आणि खोडी सगळ्यांना ठाऊक झाल्या, तेच घ्यावे. मात्र ते कोणी वापरले नसेल अशा वेगळ्याच कामाला लावावे. अशा तंत्राला ते कोमेजलेले तंत्र म्हणत असत.

याचे एक उदाहरण सांगतो. शेतातल्या सौर पंपाच्या निळ्या पाट्या तुम्ही पाहिल्या आहेत. त्यावर ऊन पडलं की वीज तयार होते. तसाच छोटा सूर्यघट योकोई आणि त्यांच्या सोबत्यांनी निशाणात बसवला आणि खेळण्यातल्या बंदुकीतून गोळीऐवजी उजेड सोडला. नेम बरोबर लागला की उजेड घटावर पडे आणि निशाण लागल्याचे समजे. ही बंदूक १९७० साली आली. सूर्यघट आधीपासूनच होता, पण त्याचा असा खेळ त्यांनी केला.

आगगाडीतला माणूस

एकदा योकोई जपानच्या वेगवान आगगाडीने चालले होते. तिला शिन्कान्सेन म्हणतात. गाडीत एक कामावरून दमलेला माणूस बसला होता. त्याला कंटाळा आला होता म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणे उगीचच दाबत बसला होता. दुसऱ्या कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय हा रिकामा उद्योग! पण योकोईंच्या मनात आलं, या माणसाला खिशात मावणारा खेळ दिला तर?

पुढे एक दिवस अध्यक्षांचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून त्यांची मोटार योकोईंनी चालवली. वाटेत त्यांनी ही कल्पना अध्यक्षांना सांगितली. कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा शार्प नावाची कंपनी करीत होती. कॅल्क्युलेटर स्वस्त झाले होते, म्हणून पडदेही स्वस्त मिळत होते. म्हणजे ते कोमेजलेलेच तंत्र. त्यातून १९८० साली गेम अँड वॉच हा खेळ तयार झाला. त्यात खेळही होता आणि घड्याळही होतं.

त्याची डबी त्यांनी मुद्दाम पातळ आणि आडवी केली. दोन्ही हातांत धरायची, दोन अंगठ्यांनी दाबायची. मोठ्या माणसाला चारचौघांत खेळायची लाज वाटते, म्हणून ती मांडीवर ठेवून हळूच खेळता यावी असा त्यांचा विचार होता. पहिल्या खेळात चेंडू झेलायचे होते. त्याला दोनच बटणे होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पुढे अकरा वर्षांत असे सुमारे ६० प्रकारचे खेळ निघाले आणि सगळे मिळून ४ कोटींहून जास्त विकले गेले.

बेरजेचे बटण

१९८२ साली त्यांना डाँकी काँग हा खेळ छोट्या डबीत बसवायचा होता. त्या खेळात शिडी चढायची असते, उतरायची असते, पळायचं असतं आणि पिंपावरून उडी मारायची असते. दोन बटणांनी भागणार नव्हतं. मोठ्या यंत्राला त्या कामासाठी एक उभा दांडा असे. पण ही डबी पुस्तकासारखी मिटणारी होती. दांडा लावला तर ती मिटणार नाही, आणि खिशात दांडा मोडून जाईल. चार दिशांना चार सुटी बटणे लावली तर अंगठा कोणत्या बटणावर आहे ते बघायला खाली मान घालावी लागेल. तेवढ्यात पिंप येऊन आदळेल!

म्हणून योकोईंनी चारही दिशा जोडून एकच बटण केले. तेच बेरजेच्या चिन्हासारखे बटण. ते मधोमध टेकलेले असते. एक टोक दाबलं की समोरचं टोक वर येतं, आपल्या मैदानातल्या सी-सॉसारखं. त्यामुळे डावी आणि उजवी बाजू एकदम दाबली जात नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बटणाकडे बघावं लागत नाही. अंगठ्यालाच कळतं आपण कुठं आहोत ते. रात्री लाईट गेली की माझी आजी अंधारात काडेपेटी बरोबर काढते. ती काही बघत नाही, तिच्या हाताला जागा माहीत असते. तसंच हे आहे.

राखाडी रंगाचा गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ रोजी योकोई यांच्या विभागाने केलेला गेम बॉय जपानमध्ये विक्रीला आला. त्याची किंमत १२,५०० येन होती. हे काम त्यांनी एकट्याने केले नाही. सातोरू ओकादा आणि इतर सोबत्यांचाही त्यात मोठा वाटा होता.

आता गेम बॉय दिसायला कसा होता ते सांगतो. त्याची बॉडी जाड प्लॅस्टिकची आणि राखाडी रंगाची होती. उंची सुमारे १५ सेंटिमीटर आणि रुंदी ९ सेंटिमीटर. म्हणजे आपल्या पट्टीच्या अर्ध्याएवढा उंच. वरच्या भागात पडदा होता. खाली डाव्या बाजूला काळे बेरजेचे बटण होते. उजव्या बाजूला दोन गोल बटणे होती आणि ती गडद राणी रंगाची होती. ती दोन बटणे सरळ ओळीत नव्हती, थोडी तिरकी होती. तुमचा उजवा अंगठा टेकवून बघा, तोही तिरकाच पडतो. मधे खाली दोन लहान बटणे होती. ती राखाडी रबराची होती, म्हणजे चुकून खेळायचे बटण समजून दाबायला नको. उजवा खालचा कोपरा जास्त गोल केला होता. पडद्याशेजारी एक बारीक लाल दिवा होता. सेल संपत आले की तो मंद होत असे.

पडदा मात्र रंगीत नव्हता. तो पिवळट हिरवा होता आणि त्यात फिकट ते गडद अशा चारच छटा दिसत. त्यामागे दिवाही नव्हता. दुसऱ्या कंपन्यांनी त्याच सुमारास रंगीत पडद्यांचे गेम काढले. १९८९ साली अटारीचा लिंक्स आला आणि १९९० साली सेगाचा गेम गिअर आला. ते दिसायला फार छान होते. सगळ्यांना वाटलं असेल, आता राखाडी डबी कोण घेणार?

पण त्या रंगीत गेमना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते थोड्याच तासांत संपत. गेम बॉयला चारच सेल लागत आणि ते दहा तासांहून जास्त चालत. रंगीत गेम महागही होते. मला वाटतं, गेम एकदाच विकत घेतात पण सेल पुन्हा पुन्हा आणावे लागतात. आपल्या घरी तर रेडिओचे सेल संपले तरी वडील दोन दिवस थांबा म्हणतात. ज्या मुलाजवळ थोडेच पैसे आहेत त्याला कोणता गेम परवडेल? जास्त मुलांना परवडेल असाच गेम योकोईंनी केला.

रंगाबद्दल त्यांचे म्हणणे फार गमतीचे होते. काळ्या फळ्यावर दोन गोल काढले आणि हा बर्फाचा माणूस आहे असं सांगितलं, तर बघणाऱ्याला बर्फाचा पांढरा रंग आपोआप जाणवतो, असे ते सांगत. खेळ चांगला असला तर रंग मनातच भरला जातो. मी हे मधल्या सुट्टीत करून पाहिलं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून मी फळ्यावर खडूने आंबा काढला आणि मुलांना रंग विचारला. सगळी मुले एकदम पिवळा म्हणाली. खडू तर पांढरा होता!

गेम बॉय बळकटही होता. १९९१ च्या आखाती युद्धात एक गेम बॉय जळाला. त्याचे प्लॅस्टिक वितळून वाकडे झाले, तरी तो चालत होता. तो पुष्कळ वर्षे न्यूयॉर्कच्या दुकानात लोकांना बघायला ठेवला होता. १९९५ साली गेम बॉय लाल, पिवळा, हिरवा, काळा अशा रंगांतही आला. एक तर पारदर्शक होता, त्यात आतली यंत्रे दिसत. गेम बॉय आणि त्यानंतरचा रंगीत पडद्याचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटींहून जास्त विकले गेले.

अपयश आणि शेवट

थोर माणसांनाही अपयश येते. १९९५ साली योकोईंनी व्हर्च्युअल बॉय नावाचे यंत्र काढले. ते लाल आणि काळ्या रंगाचे होते. टेबलावर ठेवून त्यात डोळे घालून बघायचे. चित्र खरोखर खोल असल्यासारखे दिसे, पण सगळं लालच लाल. खेळणाऱ्यांचे डोळे आणि मान दुखत असे. लोकांना ते आवडले नाही आणि वर्षाच्या आतबाहेर ते बंद पडले.

तरी योकोई हात बांधून बसले नाहीत. १९९६ च्या जुलै महिन्यात गेम बॉय पॉकेट आला. तो लहान होता आणि दोनच बारीक सेलवर चालत होता. त्यानंतर ऑगस्टमध्ये ३१ वर्षांची नोकरी सोडून त्यांनी क्योतोमध्येच कोतो नावाची स्वतःची छोटी कंपनी काढली. तिथे ते बांदाई कंपनीसाठी वंडरस्वान नावाच्या नव्या गेमच्या कामाला लागले.

पण तो गेम पूर्ण झालेला त्यांना पाहता आला नाही. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी ते मोटारीतून जात असताना लहानसा अपघात झाला. काय झालं ते बघायला ते खाली उतरले आणि दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. त्यातच त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. हे वाचून मला फार वाईट वाटले.

मार्च १९९९ मध्ये वंडरस्वान बाजारात आला. त्याची किंमत ४,८०० येन होती. पडदा काळापांढरा, बॉडी निरनिराळ्या रंगांची आणि सेल फक्त एक! तो उभाही धरता येई आणि आडवाही, म्हणून डाव्या बाजूला चार-चार बटणांचे दोन गट होते. त्यावरच्या एका खेळाला योकोईंची आठवण म्हणून गनपे असे नाव दिले.

मित्रांनो, गेम बनवताना योकोई आधी खेळणाऱ्याचा अंगठा कुठे पडेल आणि त्याच्या खिशात किती पैसे असतील ते बघत. म्हणून महाग तेच चांगलं असं आपण म्हणू नये. जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिचा दुसरा काय उपयोग होईल ते एकदा बघावे. आता सांगा, खेळणी करणारा माणूस थोर असतो की नाही?

— इयत्ता ४ थी