‘लोगोस’ला मराठीत काय म्हणायचं? पंडिता रमाबाईंचं शेवटचं मोठं काम

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत ‘लोगोस’ हा ग्रीक शब्द येतो. अर्थ? शब्द, बोलणं, विचार, बुद्धीसुद्धा. मराठी बायबलमध्ये तिथं ‘शब्द’ आहे. पण संस्कृत शिकलेल्याच्या कानाला त्यात शब्दब्रह्मही ऐकू येतं.

पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) जुन्या भाषांतरातले असे संस्कृत तत्त्वज्ञानाचे शब्द खटकत. गंमत म्हणजे १८७८ मध्ये कोलकात्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं ते संस्कृतसाठीच! १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पुढे पन्नाशीच्या आसपास हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं. खेड्यातल्या बाईला ते कळायला हवं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवायच्या, छापायच्या. संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. रमाबाईंना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.