ताराराणी : राज्यधुरा आणि मातृपद

शारदीय नवरात्रात घरोघरी घट बसतात, अखंड नंदादीप तेवतो आणि नऊ दिवस आदिशक्तीची आराधना चालते. जिला आपण जगन्माता म्हणून आळवतो, तिच्याच हाती आपण खड्ग आणि त्रिशूळही पाहतो. माता आणि रणचंडी ही दोन्ही रूपे देव्हाऱ्यात एकत्र नांदतात. मर्त्य स्त्रीला मात्र हा मेळ सहजी साधत नाही. मांडीवरचे मूल आणि अंगावर घेतलेली जबाबदारी यांच्या ओढाताणीत तिचे आयुष्य जाते. आज नोकरी-व्यवसाय करणाऱ्या आपल्या लेकी-सुनांच्या वाट्याला हीच ओढाताण येते. सुमारे तीन शतकांपूर्वी कृष्णाकाठच्या एका स्त्रीने ती राज्याच्या पातळीवर सोसली. तिचे यश थोर होते आणि तिची चूकही तितकीच मोठी होती. म्हणूनच महाराणी ताराबाईंचे चरित्र या पर्वात आठवावयाचे.

ताराबाईंचे माहेर कऱ्हाडजवळच्या तळबीडच्या मोहिते घराण्यातले. स्वराज्याचे सरनोबत हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील आणि शिवछत्रपतींच्या राणी सोयराबाई या त्यांच्या आत्या. इ. स. १६७५ मध्ये जन्मलेल्या या कन्येचा विवाह पुढे सोयराबाईंचे पुत्र राजाराम महाराज यांच्याशी झाला. हंबीररावांना १६८७ मध्ये वाईच्या रणांगणावर वीरगती मिळाली, तेव्हा ताराबाई अवघ्या बारा वर्षांच्या होत्या.

पुढील दोन वर्षांत स्वराज्यावर आकाश कोसळले. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा क्रूर वध झाला आणि मोगलांनी रायगडाला वेढा घातला. त्या वेळी गडावर येसूबाई होत्या, त्यांचा सात वर्षांचा पुत्र शाहू होता आणि राजाराम महाराजही होते. रूढीप्रमाणे गादी शाहूची. परंतु येसूबाईंनी आपल्या मुलाचा हक्क बाजूस ठेवला, राजारामांच्या हाती राज्य सोपविले आणि त्यांना गडाबाहेर पडण्यास सांगितले. स्वतः मात्र त्या मुलासह गडावर राहिल्या आणि त्याच वर्षी रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. त्यांची त्या कैदेतून सुटका होण्यास १७१९ साल उजाडावे लागले. ताराबाईंच्या चरित्राचे मोल ठरविताना थोरल्या जाऊबाईंचा हा त्याग सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीस गेले. ताराबाई काही वर्षे महाराष्ट्रातच होत्या. रामचंद्रपंत अमात्यांसारखे मुत्सद्दी राज्याचा गाडा कसा हाकतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १६९४ च्या सुमारास त्या जिंजीस पोहोचल्या आणि वेढ्यात सापडलेल्या त्या किल्ल्यातच जून १६९६ मध्ये त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव शिवाजी ठेवले. १६९८ मध्ये जिंजी पडली. महाराज त्यापूर्वीच निसटून स्वदेशी परतले होते. त्यांनी साताऱ्यास राजधानी केली. परंतु अविश्रांत धावपळीने शरीर खचले आणि मार्च १७०० च्या आरंभी सिंहगडावर त्यांनी देह ठेवला.

ताराबाईंचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. मुलाला चार वर्षेही पुरी झाली नव्हती. बादशहा औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याखाली तळ देऊन बसला होता. गडावर प्रयागजी प्रभूंनी निकराने किल्ला झुंजविला. मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात त्यांचीच शेकडो माणसे गाडली गेली. तरीही एप्रिलमध्ये सातारा पडला. त्यापाठोपाठ समर्थांच्या समाधीने पावन झालेला परळीचा किल्ला, म्हणजेच सज्जनगड, जूनमध्ये शत्रूच्या हाती गेला. राजा नाही, राजधानी नाही आणि वारस तर अंगाखांद्यावर खेळणारे मूल! त्या काळी विधवेने वैराग्य पत्करावे अथवा सती जावे, हीच अपेक्षा. ताराबाईंनी दोन्ही मार्ग नाकारले. मुलाला गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने राज्याची धुरा स्वतःच्या शिरावर घेतली. मोगलांच्या कैदेतील शाहू हाच खरा वारस, असे मानणारी जाणती मंडळी दरबारात होती. त्यांचा विरोध ताराबाईंनी जुमानला नाही.

पुढची सात वर्षे हा त्यांच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह होय. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक गड बादशहाने घेतले. साताऱ्याच्या मुलखातील वर्धनगड, चंदन, वंदनही त्याच्या फौजांनी जिंकले. परंतु प्रत्येक गडासाठी त्याचे महिनेच्या महिने खर्ची पडत. मराठे किल्ला होईल तितका झुंजवीत, पावसाळा तोंडावर आला की मोठी रक्कम घेऊन तो सोडीत आणि शत्रूची पाठ फिरताच पुन्हा घेण्याच्या उद्योगास लागत. ताराबाई एका गडावरून दुसऱ्या गडावर जात, किल्लेदार नेमीत, सरदारांना मोहिमा वाटून देत. लढाई केवळ आपल्या उंबरठ्यावर लढावयाची नाही, हे त्यांनी ओळखले होते. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात उतरले आणि १७०६ मध्ये धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांचा मोठा पराभव केला. मराठ्यांविषयी मुळीच ममत्व नसलेल्या खाफीखान या मोगल इतिहासकारालाही या राणीची बुद्धी आणि राज्यकारभाराची जाण मान्य करावी लागली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत औरंगजेबाने प्राण सोडला, तेव्हा मराठ्यांचे राज्य जिवंत होते आणि ते एका तरुण मातेने राखले होते.

त्या सात वर्षांत ताराबाईंचे मातृपद त्यांच्या कार्याच्या आड आले नाही, याचे कारण उघड आहे. मुलाचे हित आणि राज्याचे हित तेव्हा एकच होते. राज्य टिकले तर मुलाला गादी, मूल सुखरूप राहिले तर राज्याला धनी. शिवाय त्या एकट्या नव्हत्या. रामचंद्रपंत अमात्य, परशुरामपंत प्रतिनिधी, शंकराजी नारायण सचिव, धनाजी जाधव अशी मातब्बर माणसे त्यांच्या पाठीशी होती. कर्तबगार स्त्रीच्या यशामागे तिचा भार वाटून घेणारे घर असावे लागते, हे सत्य राजवाड्यालाही चुकलेले नाही.

मे १७०७ मध्ये मोगलांनी शाहूंना सोडले आणि ही दोन हिते एकमेकांसमोर उभी ठाकली. येसूबाईंचा मुलगा अठरा वर्षांनी घराकडे येत होता. सात वर्षे रक्त आटवून राखलेले राज्य पुतण्याच्या हाती द्यावे, की मुलासाठी लढावे? ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरविले आणि सैन्य धाडले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली. धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी मांडली. औरंगजेबाला जे साधले नाही ते घरच्या भाऊबंदकीने साधले. राज्याची दोन शकले झाली.

दैवाने लवकरच हिशेब मागितला. १७१४ मध्ये सवत राजसबाई यांनी आपला पुत्र संभाजी यास कोल्हापूरच्या गादीवर बसविले. ताराबाई आणि त्यांचा मुलगा पन्हाळ्यावर कैदेत पडले. ज्याच्यासाठी सारे केले तो शिवाजी, १७२६ च्या सुमारास देवीच्या आजाराने कैदेतच गेला. एकुलत्या एका पुत्राचा मृत्यू डोळ्यांदेखत पाहणाऱ्या त्या मातेची अवस्था शब्दांत कशी सांगावी! मागे राहिलेला नातू रामराजा गुपचूप दूर ठेवण्यात आला आणि अज्ञातवासात वाढला.

पुढे सातारा-कोल्हापूरचे भांडण वारणेच्या काठी निकाली निघाले. शाहूंच्या फौजेने संभाजीचा तळ लुटला आणि राजस्त्रिया हाती लागल्या. एप्रिल १७३१ च्या तहाने वारणा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली. आजही सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे बऱ्याच अंतरापर्यंत याच नदीने वेगळे होतात आणि सांगलीजवळ हरिपूरला ती कृष्णेस मिळते. इतर स्त्रियांना शाहूंनी सन्मानाने परत पाठविले. ताराबाई मात्र साताऱ्यास गेल्या आणि ज्या पुतण्याला त्यांनी तोतया म्हटले होते त्याच्याच आश्रयाने, नजरकैदेत, किल्ल्यावर राहिल्या. शाहूंनी जुने वैर उगाळले नाही.

शाहूंना पुत्र नव्हता. ताराबाईंनी तेव्हा रामराजाचे अस्तित्व उघड केले. १७४९ च्या डिसेंबरात शाहू निवर्तले आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा छत्रपती झाला. तो खरोखर भोसल्यांच्या रक्ताचा आहे, याची खात्री सरदारांना हवी होती. ताराबाईंनी जातभाईंसमक्ष त्याच्यासह भोजन केले आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगितले. पंचाहत्तराव्या वर्षी त्यांना पुन्हा राज्यकारभार हाती हवा होता. परंतु नातू पेशव्यांकडे झुकला. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या सणाला, आजीने नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावले आणि कैद केले. दमाजी गायकवाडांना मदतीस आणून त्यांनी पेशव्यांशी सामना मांडला, तोही फसला. १७५२ मध्ये पेशव्यांशी सलोखा झाला, तेव्हा जेजुरीस खंडेरायाच्या देवळात त्यांनी दुसरी शपथ घेतली, की रामराजा आपला नातू नव्हे.

या दोन शपथांपैकी एक खोटी होती, हे निराळे सांगावयास नको. अन्नाची आण आणि देवाची आण मानणाऱ्या आपल्या घरांतून हा प्रसंग वाचताना मन चरकते. म्हणून तो झाकावा काय? तसे केल्यास चरित्राचे पुराण होईल आणि त्यातला बोध हरवेल. मुलासाठी राज्य राखता राखता, राज्यासाठी मूल हे केवळ निमित्त केव्हा झाले, हे ताराबाईंना बहुधा कळलेही नसेल. येसूबाईंनी मुलाचा हक्क सोडला आणि राज्य वाचविले. ताराबाईंनी मुलाचा हक्क धरला आणि तेच राज्य सात वर्षे वाचविले. मग तोच हक्क सोडता न आल्याने ते दुभंगले. दोघीही माता होत्या, दोघीही धैर्यवान होत्या. धरावे कधी आणि सोडावे कधी, एवढाच फरक दोघींत होता.

तरीही एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सत्तेसाठी भाऊबंदांशी लढणारे पुरुष इतिहासात ठायी ठायी भेटतात. त्यांच्या पितृपदाचा हिशेब आपण मागत नाही. स्त्रीकडून मात्र तो पै-पैचा मागतो. आपल्या घरातील कामावर जाणाऱ्या सुनेलाही आपण तोच जाब विचारतो. मूल आणि काम यांचा तोल तिने एकटीने सांभाळावा, आणि तो ढळला तर दोषही एकटीनेच घ्यावा, ही रीत धर्माला धरून नाही. देवीच्या मूर्तीला शिल्पकाराने दिलेले अनेक हात हे घरातल्या सर्वांच्या हातांचे प्रतीक मानले, तर घटस्थापनेचे सार्थक होईल.

पानिपतचा आघात झाला त्याच १७६१ सालच्या डिसेंबरात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, साताऱ्यास ताराबाईंची प्राणज्योत मालवली. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली क्षेत्री त्यांची समाधी आहे. तळबीडच्या मोहित्यांची ही लेक आयुष्यभर कृष्णेच्या खोऱ्यासाठी झुंजली आणि अखेर तिच्याच काठी विसावली. या नवरात्रात माहुलीस जाणाऱ्या भाविकांनी संगमस्नान आणि देवदर्शन झाल्यावर तेथे क्षणभर थांबावे. रणरागिणी म्हणून तर तिला वंदन करावेच. त्याबरोबरच जिची ओढाताण कोणी वाटून घेतली नाही, अशी एक आई म्हणूनही तिच्या नावाने एक फूल वाहावे.