आठ हजार नळ्यांचा माणूस

मायबाख म्हटलं की आपल्याला आठवते ती महागडी गाडी. पण या नावाच्या माणसाकडे इंजिनिअरिंगची डिग्रीच नव्हती, हे किती जणांना ठाऊक आहे?

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८४६ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रोन इथे झाला. वडील सुतार. दहाव्या वर्षी पोरगा पोरका झाला आणि रॉयटलिंगनच्या एका सेवाभावी संस्थेत वाढला. तिथल्याच वर्कशॉपमध्ये तो ड्रॉइंग शिकला. बारा वर्षांनी मोठ्या असलेल्या गॉटलीब डाइमलर यांनी त्याला तिथे हेरलं आणि जन्माची जोडी जमली. हलकं, वेगवान पेट्रोल इंजिन या दोघांनी १८८५ पर्यंत चालवून दाखवलं.

इंजिनाची ताकद वाढली तशी उष्णताही वाढली. गार करायला पाणी तरी किती वाहायचं? मायबाख यांनी ओळखलं, की प्रश्न पाण्याचा नाही, हवा लागणाऱ्या पृष्ठभागाचा आहे. १९०० साली ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्यांनी ६ मिलिमीटरच्या ८,०७० चौकोनी नळ्या जोडून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. नळ्यांतून हवा, भोवतीनं पाणी. अवघ्या ९ लिटर पाण्यात काम भागलं!

पण त्याच वर्षी डाइमलर वारले होते. पुढे कंपनीत मायबाख यांना बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये, साठी उलटल्यावर, ते बाहेर पडले. रडत मात्र बसले नाहीत. मुलगा कार्लबरोबर त्यांनी झेपेलिन वायुनौकांसाठी इंजिनं बनवायला घेतली. १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रशिक्षण संस्थेनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. २९ डिसेंबर १९२९ रोजी ते गेले.

आजही बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डमागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तत्त्व तेच, फक्त इथली ऊब वाया न घालवता आत सोडायची. ब्लोअर चालतोय, पण हवा गारच? मग मायबाखसारखा विचार करा : उष्णता अडली कुठे? कूलंट कमी आहे का? (झाकण इंजिन गार झाल्यावरच उघडा!) इंजिनच तापत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. हीटरचा एक होज गरम आणि दुसरा गार असेल, तर कूलंट पुढे जात नाहीये : व्हॉल्व्ह बंद, आत हवा किंवा नळ्या चोंदलेल्या. दोन्ही गरम असतील, तर हवेची झडप बघा.

वायवाला एवढं सांगता आलं तरी पुरे. डिग्री तर आपल्याला मिळेलच. ही नजर मात्र कमवावी लागेल.