देवळालीचे कापरेकर मास्तर आणि सतरा आकडी संख्या

सोलापूर : १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा आकडी संख्या डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच येते. अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. ते कुठल्या विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यातूनच पोराला आकडेमोडीची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये पदवी. त्यापुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत पोरांना शिकवलं.

डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशन. तिथंच त्यांना ही कल्पना सुचली. ११ ला ११ ने गुणा, येतात १२१. १११ ला १११ ने गुणा, येतात १२३२१. असं करत एकावर एक नऊ वेळा लिहून गुणलं की वरची सतरा आकडी संख्या तयार. दहा वेळा एक घेतला की मात्र हातचा येतो आणि ही चढउतार मोडते.

याच संख्येचे सगळे अंक मिळवा, बेरीज ८१ येते. अन् ८१ ने या संख्येला पूर्ण भाग जातो, बाकी शून्य. आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना मास्तरांनी 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ हा आकडा मांडला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहान असे मांडा, त्यातून उलटी मांडणी वजा करा. उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच. मास्तरांचं जन्मसाल १९०५ घेतलं तर बरोबर सातव्या वेळी येतो.

तरी देशातल्या बड्या गणितज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. पुष्कळांना हा पोरखेळ वाटला. मास्तर मात्र पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. रिटायर झाल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. १९६६ मध्ये पत्नी गेल्या.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठं जगाला नाव कळलं. मास्तर तेव्हा सत्तरीत होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. तो शोधायला यंत्र लागलं नव्हतं, वही-पेन्सिल पुरली. करमाळा असो की सांगोला, झेडपी शाळेतल्या पोरांना ही वजाबाकी आजच फळ्यावर करून बघता येईल.