विश्लेषण : बॅटरीवर हीटर किती वेळ चालेल? जूल यांनी घातलेला हिशेब

युरोप-अमेरिकेत ऐन हिवाळ्यात वीज गेली की घर उबदार ठेवण्यासाठी अनेक जण पोर्टेबल बॅटरीकडे वळतात. ती किती पुरेल, हे समजते जेम्स प्रेस्कॉट जूल यांच्या कामामुळे.

जूल कोण होते?
२४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे बिअर उत्पादक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन त्यांचे शिक्षक होते. तारेतील उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनी १८४०च्या सुमारास दाखवले. विजेचा साधा हीटर याच नियमावर चालतो.

बॅटरीबाबत निराशा का?
वाफेच्या इंजिनाऐवजी बॅटरीवरील मोटर वापरता येईल, अशी त्यांना आशा होती. मात्र बॅटरीत खर्च होणारे जस्त कोळशापेक्षा फार महाग पडते, हे त्यांच्याच मोजमापातून दिसले. पुढे पाण्यात चक्र फिरवून त्यांनी काम आणि उष्णता यांचे प्रमाण ठरवले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. ऊर्जेचे एकक आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आज याचा उपयोग काय?
विजेचे १ युनिट म्हणजे ३६ लाख जूल. एवढी साठवण असलेली बॅटरी १,५०० वॉटचा हीटर जेमतेम ४० मिनिटे चालवते. पण उष्णता गॅसच्या बॉयलरमधून मिळत असेल आणि त्याच्या पंप-पंख्याला १०० वॉट लागत असतील, तर तीच बॅटरी आठ-नऊ तास, म्हणजे जवळपास रात्रभर साथ देते.